वाइन बिघडली, पण कोणाच्या हातून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की नाशिकमधल्या वाइन शॉपच्या काउंटरवर एक वाद हमखास कानावर येतो. गिऱ्हाईक उघडलेली बाटली पुढे ठेवून म्हणते, ‘ही खराब निघाली.’ दुकानदार म्हणतो, ‘सीलबंद माल आला, सीलबंद दिला, आता कंपनीला विचारा.’ कंपनीला फोन लावला तर तिकडून उलटा प्रश्न येतो, ‘बाटली ठेवली कुठे होती?’ तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात. पण वाइनचे नेमके काय बिघडले हे तिघांपैकी कोणीच सांगत नाही, म्हणून वाद तिथल्या तिथे फिरत राहतो. वास्तविक वाइनचे नेहमीचे बिघाड बोटांवर मोजण्याइतके आहेत. प्रत्येकाची खूण निराळी आहे. खूण पटली की बिघाड वाइनरीत झाला, वाटेत झाला, दुकानात झाला की आपल्याच स्वयंपाकघरात, हेही बहुतेक वेळा सांगता येते. दिंडोरी-निफाड पट्ट्यात सेलर आणि लॅब सांभाळणारे आम्ही काही जण त्यासाठीच हे पत्र लिहीत आहोत.

आधी तारखेचा प्रश्न. बाटलीवर एक्स्पायरी छापलेली नाही म्हणजे काहीतरी काळेबेरे आहे, असे अनेकांना वाटते. तसे काही नाही. १० टक्के किंवा त्याहून जास्त मद्यार्क असलेल्या पेयांवर ‘बेस्ट बिफोर’ छापण्याची सक्ती नाही, आणि वाइन साधारण ११ ते १४ टक्क्यांची असते. लेबलवर जे साल दिसते ते द्राक्षतोडणीचे. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, युरोपात ती सप्टेंबर-ऑक्टोबरला होते. म्हणजे एकाच सालाच्या दोन बाटल्यांत नाशिकची वाइन सात-आठ महिन्यांनी थोरली. शेनिन ब्लां, सॉव्हिन्यों ब्लां या व्हाइट वाइन आणि गुलाबी रोझे या तोडणीपासून एक-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या वाइन आहेत. ओकच्या पिंपात मुरवलेल्या शिराझ किंवा कॅबर्नेसारख्या रेड वाइन नीट ठेवल्या तर चार-पाच वर्षे, काही त्याहून जास्त टिकतात. ‘जितकी जुनी तितकी भारी’ हे वाक्य जगातल्या फार थोड्या बाटल्यांना लागू पडते आणि हजाराच्या आतल्या बाटलीला तर जवळपास कधीच नाही. लग्नात भेट आलेली, शोकेसमध्ये दहा वर्षे उभी असलेली बाटली उघडताना फार आशा ठेवू नये.

दुसरी भीती पोटाची. बिघडलेली वाइन बेचव लागते, पण तिने सहसा विषबाधा होत नाही. वाइनचा पीएच ३ ते ४ च्या दरम्यान असतो. एवढ्या आंबट आणि वर मद्यार्क असलेल्या पेयात माणसाला आजारी पाडणारे जंतू वाढत नाहीत. जे वाढतात ते वाइनच बिघडवतात. सील तुटलेली, झाकणाची कडी आधीच सुटलेली किंवा पुन्हा भरल्याचा संशय असलेली बाटली हा मात्र सर्वस्वी वेगळा मामला आहे. ती चाखूनही पाहायची नाही.

बाटली उघडण्याआधीच बरेच काही दिसते. ती उभी धरून गळ्यातली पातळी पाहावी. त्याच वाइनच्या शेजारच्या बाटलीपेक्षा पातळी बोटभर खाली असेल तर कुठून तरी गळती झाली आहे. बुचाच्या बाटलीत कॅप्सूलवरून, म्हणजे बुचावरच्या पातळ टोपणावरून, अंगठा फिरवावा. बूच काचेच्या कडेला समतल किंवा किंचित आत हवे, वर उचललेले लागले तर बाटली तापली आहे. कॅप्सूल हाताने गोल फिरत नसेल, खाली चिकट वाटत असेल, लेबलवर वाळलेला ओघळ असेल, तर वाइन बाहेर आली होती. काही कॅप्सूल मुळातच घट्ट बसवलेल्या असतात, त्यामुळे तेवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नये.

बूच वर का येते, याचा हिशेब सोपा आहे. ७५० मिलीची बाटली १५ अंशांवरून ४० अंशांवर गेली की आतली वाइन साधारण पाच-सहा मिलीने फुगते. बाटलीच्या गळ्याचा आतला व्यास जेमतेम १८-१९ मिलिमीटर, त्यामुळे तेवढ्यानेच पातळी जवळपास दोन सेंटिमीटर वर चढते. बूच आणि वाइन यांच्यामध्ये मोकळी जागा तेवढीच किंवा त्याहून कमी असते. आतली हवा दाबली जाते, बूच सरकते, नाहीतर बुचाच्या कडेने वाइन पाझरते. खरे नुकसान पुढे होते. रात्री बाटली थंड झाली की वाइन आकसते आणि त्याच वाटेने बाहेरची हवा आत खेचली जाते. नाशिकमध्ये मार्च-एप्रिलला दुपार आणि पहाट यांत १५-२० अंशांचा फरक असतो. बंद खोलीत किंवा पत्र्याच्या गोदामात ठेवलेली बाटली हा खेळ रोज खेळते.

नाशिकमध्ये ‘खराब निघाली’ म्हणून परत येणाऱ्या बाटल्यांत उष्णतेचा वाटा सगळ्यांत मोठा आहे, असे आमचे मत आहे. तरीही नाव मात्र बुचाचे किंवा कंपनीचे घेतले जाते. तापलेली रेड वाइन ओळखायची खूण अशी: ताज्या फळाचा वास गेलेला असतो आणि त्याजागी उकळलेल्या मनुका, आटवलेला मुरंबा किंवा थोडा करपट गूळ यांचा वास येतो. व्हाइट वाइन जड आणि मंद होते. पेरू, लिंबू, हिरवी ढोबळी मिरची असे जे टवटवीत वास सॉव्हिन्योंत अपेक्षित असतात ते गायब होतात. जीभेवर आंबटपणा जाणवतो, पण फळ जाणवत नाही. स्क्रू कॅपच्या बाटलीत ही गोष्ट आणखी फसवी होते, कारण ते झाकण सहसा वर सरकत नाही, गळत नाही. बाहेरून बाटली कोरी करकरीत आणि आत वाइन शिजलेली, असे होते.

यात गंगापूर धरणाकडे फिरायला येणाऱ्या पाहुण्यांचा हातभारही कमी नाही. सकाळी वाइनरीत टूर करायची, थंडगार सेलरमधून चार बाटल्या घ्यायच्या, त्या डिकीत टाकायच्या आणि त्र्यंबकेश्वर करून संध्याकाळी कसारा घाट उतरायचा. उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान ५० अंशांच्या पुढे सहज जाते. दोन-तीन तास पुरतात. बाटल्या परतीच्या वाटेवर शेवटी घ्याव्यात. ते जमणार नसेल तर थर्मोकोलच्या खोक्यात गोठवलेले पाण्याचे दोन पाऊच ठेवून, डिकीत नव्हे तर एसी लागतो त्या मागच्या सीटखाली ठेवाव्यात.

आता ग्लासातली तपासणी. यात घाई झाली की निदान चुकते. ग्लास आधी नुसता हुंगावा. निम्म्या वेळा ‘कुबट वास’ वाइनचा नसतो, बंद कपाटात पालथ्या ठेवलेल्या ग्लासाचा किंवा भांडी घासायच्या पावडरीचा असतो. ग्लास साध्या पाण्याने धुऊन, चमचाभर त्याच वाइनने विसळून घ्यावा. मग ५०-६० मिली वाइन ओतून पांढऱ्या कागदासमोर तिरपी धरावी. व्हाइट वाइन फार गार असेल तर दहा मिनिटे थांबावे. फ्रीजमधून काढल्या काढल्या वास दबलेला असतो, दोष लपतो. पहिल्यांदा न हलवता हुंगावे, मग गोल फिरवून हुंगावे, आणि ग्लास बाजूला ठेवून १५ मिनिटांनी पुन्हा. या तिसऱ्या खेपेला महत्त्व आहे. काही दोष हवा लागली की विरतात, काही वाढतात. नुसते नाक मुरडून बाटली बेसिनमध्ये ओतणाऱ्याला हा फरक कळतच नाही.

विरणाऱ्या दोषांत पहिला काडेपेटीचा वास. नुकतीच ओढलेली काडी विझवल्यावर नाकात झोंबते तसा. हा सल्फर डायऑक्साइडचा वास, आमच्याकडे सगळे ‘एसओटू’ म्हणतात. वाइन हवेपासून आणि जंतूंपासून टिकावी म्हणून तो मोजून घातलेला असतो आणि नव्याने भरलेल्या बाटलीत कधीकधी जाणवतो. ग्लास फिरवला की जातो. ही वाइन बिघडलेली नाही.

दुसरा वास कुजक्या अंड्याचा, गटाराचा, किंवा शिजलेल्या कोबीचा. हवा न मिळाल्याने हा दोष होतो, म्हणून स्क्रू कॅपच्या बाटल्यांत जास्त आढळतो. मूळ बहुतेकदा आंबवण्याच्या टाकीत असते. यीस्टला नायट्रोजन कमी पडला की ते हायड्रोजन सल्फाइड सोडते. दुसरे कारण द्राक्ष बागायतदारांना चटकन कळेल. भुरी या बुरशीच्या रोगासाठी मारलेल्या गंधकाची फवारणी तोडणीच्या फार जवळ झाली, तर मण्यांवर उरलेले गंधक रसात उतरते आणि टाकीत त्याचा असा वास बनतो. अशी वाइन एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा उंचावरून ओतावी आणि अर्धा तास ठेवावी. अंड्याचा वास असेल तर बहुधा जातो. खात्री करायची असल्यास तांब्याच्या तारेचा स्वच्छ घासलेला तुकडा ग्लासात अर्धा मिनिट फिरवावा. वास एकदम कमी झाला तर निदान पक्के, कारण तांबे त्या वायूला धरून ठेवते. हे फक्त तपासणीपुरते. वाइन तांब्याच्या भांड्यात ओतून ठेवण्याचा उद्योग कोणी करू नये, तिच्या आंबटपणाने तांबे विरघळते. कांदा-लसूण किंवा जळक्या रबराच्या वासापर्यंत गोष्ट गेलेली असेल तर ना हवा उपयोगी पडते ना तांबे. तो दोष सरळसरळ वाइनरीचा आणि त्या लॉटच्या, म्हणजे एकत्र भरलेल्या मालाच्या, बहुतेक बाटल्यांत सापडेल.

आता वाढणारा दोष. ओला पुठ्ठा, पावसाळ्यात भिजून राहिलेले गोणपाट, बंद तळघर असा वास, आणि १५ मिनिटांनी तो जास्तच. ही ‘कॉर्क्ड’ वाइन. टीसीए नावाचे संयुग बुचातून वाइनमध्ये उतरते. एका लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश इतके असले तरी सरावलेल्या नाकाला लागते. त्याहून कमी असेल तर वास येत नाही, फक्त वाइन मुकी होते, म्हणजे फळाचा सगळा वास दबून जातो, आणि पिणाऱ्याला वाटते वाइनच सुमार आहे. हा दोष साठवणीने होत नाही, तापमानाने होत नाही, गिऱ्हाइकाने किंवा दुकानदाराने काहीही केले तरी टळत नाही. खोक्यातल्या एका बाटलीत असतो आणि शेजारच्या अकरा ठणठणीत असतात. बुचावर वरून काळपट बुरशी दिसणे, बूच कोरडे पडून तुटणे, वाइनमध्ये बुचाचे कण तरंगणे, यांपैकी कशाचाही टीसीएशी संबंध नाही. बूच हुंगूनही फारसे कळत नाही, हॉटेलात ते पुढे करण्याचा रिवाज असला तरी. ग्लासच हुंगावा. स्वयंपाकात वापरूनही हा वास जाईल असे नाही, तेव्हा अशी वाइन रश्शात घालून चांगले मटण वाया घालवू नये. आणि एक उघड गोष्ट: नाशिकच्या रोजच्या वापरातल्या बऱ्याच बाटल्यांना आता स्क्रू कॅप आहे. झाकण फिरवून उघडलेल्या बाटलीबद्दल ‘कॉर्क्ड आहे’ अशी तक्रार केली तर दुकानदार हसेल. बुचाशिवाय असा वास येणे अशक्य नाही, वाइनरीतले दूषित लाकूड किंवा पिंप कारण असू शकते, पण ते विरळा.

हवेचा बिघाड यापेक्षा कितीतरी सर्रास. व्हाइट वाइनचा फिकट पिवळा रंग गडद सोनेरी आणि मग तपकिरीकडे जातो. रेडची कड जांभळटपणा सोडून विटकरी होते. चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा, खवट अक्रोडाचा वास येतो, चव सपाट होते आणि शेवटाला कडवटपणा राहतो. पाच-सात वर्षांच्या रेडला थोडी विटकरी कड साहजिक आहे. दोन वर्षांच्या शेनिनला मात्र चहाचा रंग आला असेल तर ती गेलीच. इथे आपल्या हवामानाची एक अडचण सांगायला हवी. उष्ण प्रदेशात द्राक्ष पिकताना आम्ल झपाट्याने उतरते आणि पीएच वर जातो. पीएच ३.२ असताना जेवढा मोकळा (वाइनमधल्या इतर घटकांना न चिकटलेला) एसओटू वाइनला पुरतो, ३.६ ला त्याच्या दुपटीहून जास्त लागतो. म्हणून पहाटे किंवा रात्री तोडणी करणे, रस लगेच गार करणे, गरज पडल्यास टार्टारिक आम्ल घालणे, हे इथे चोचले नाहीत. जिथे यात कसूर होते तिथली वाइन शेल्फवर लवकर म्हातारी होते, आणि तो दोष वाइनरीच्याच पदरात टाकावा.

व्हिनेगरचा वास हा हवेच्याच पुढचा टप्पा. ॲसिटोबॅक्टर जातीच्या जंतूंना हवा मिळाली की ते अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतात. लिटरला साधारण पाऊण ग्रॅमच्या वर गेले की बहुतेकांच्या नाकाला झोंबते. सोबत नेलपॉलिश काढायच्या द्रावासारखा वास असेल तर ते इथाइल ॲसिटेट. सीलबंद बाटलीत हे असले तर फुटलेल्या, माश्या बसलेल्या घडांपासून किंवा अर्धवट भरलेल्या टाकीपासून आलेले. उघडून आठवडाभर ओट्यावर ठेवलेल्या बाटलीत असले तर आपले स्वतःचे.

बुडबुड्यांनी अनेक जण घाबरतात. ताज्या व्हाइट वाइनमध्ये ओतताना ग्लासाच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले आणि वाइन स्वच्छ असली तर काही बिघडलेले नाही. वाइनरीने टवटवी राहावी म्हणून थोडा कार्बन डायऑक्साइड मुद्दाम ठेवलेला असतो. पण वाइन गढूळ, उघडताना फुस्स आवाज, चवीला यीस्ट, आणि गोडी अपेक्षेपेक्षा कमी, अशा खुणा एकत्र आल्या तर बाटलीत पुन्हा आंबवण सुरू झाले आहे. थोडी साखर शिल्लक ठेवलेल्या गोडसर वाइनला हा धोका जास्त. भरताना गाळणी नीट झाली नाही आणि यीस्ट आत राहिले, की गोदामात तापल्यावर ते जागे होते. अशी बाटली एकटी नसते. तो लॉट परत गेला पाहिजे, आणि दुकानदाराने तसे कळवणे त्याच्याच हिताचे आहे, कारण दाब वाढलेली बाटली शेल्फवर फुटूही शकते.

उजेडाचा दोष फक्त दुकान आणि घर यांच्यात वाटून घ्यायचा आहे. रोझे आणि काही व्हाइट वाइन रंग दिसावा म्हणून पारदर्शक काचेत भरतात. ऊन किंवा ट्यूबलाइटमधले निळे आणि अतिनील किरण वाइनमधल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वावर पडले की गंधकाची वासाळ संयुगे बनतात. ओली लोकर, शिजलेला कोबी असा तो वास. कडक उन्हात काही तासांतही हे होऊ शकते. कॉलेज रोडवर काय किंवा पंचवटीत काय, पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानाच्या काचेत सजवलेल्या बाटल्या कोणी घेऊच नयेत. शेल्फच्या मागच्या रांगेतली मागावी.

घोड्याचा तबेला, ओले चामडे किंवा बँडएडची पट्टी असा वास रेडमध्ये आला तर ते ब्रेट नावाच्या यीस्टचे काम, जुन्या नीट न धुतलेल्या पिंपांतून येणारे. किंचित असला तर काहींना आवडतो, त्यात आम्हाला वाद घालायचा नाही. आणखी एक चमत्कारिक दोष आहे तो हुंगून सापडतच नाही. घोट गिळल्यावर दहा-वीस सेकंदांनी घशामागून उंदराच्या पिंजऱ्याचा वास चढतो, कारण तोंडातल्या लाळेने पीएच वाढला की मगच ती संयुगे उडू लागतात. गंमत म्हणजे त्या संयुगांतले एक आंबेमोहोर आणि बासमतीला सुवास देणारेच आहे. भातात हवेहवेसे, वाइनमध्ये नकोसे. एसओटू अजिबात न घालता केलेल्या ‘नॅचरल’ वाइनमध्ये हा दोष जास्त आढळतो.

तक्रार करू नये अशाही गोष्टी आहेत. बाटलीच्या तळाशी किंवा बुचाच्या टोकाला काचेच्या चुऱ्यासारखे चमकणारे खडे दिसले की लोक हादरतात. ते पोटॅशियम बायटार्ट्रेट, द्राक्षातच असणारे आम्लाचे स्फटिक. वाइन फ्रीजमध्ये बरेच दिवस राहिली की खाली बसतात. दोन बोटांत चोळले तर काच टोचते, हे खडे दाताखाली कुरकुरतात आणि आंबट लागतात. गरम पाण्यात विरघळतात, काच विरघळत नाही. शंका असेल तर चाखण्याऐवजी हीच परीक्षा करावी. जुन्या रेडमधला जांभळा-काळा गाळही निर्धोक. बाटली काही तास उभी ठेवून हळू ओतावी आणि शेवटचा दोन बोटे भाग सोडून द्यावा.

उघडलेल्या बाटलीचा हिशेब सरळ आहे. फ्रीजमध्ये, झाकण घट्ट लावून, व्हाइट आणि रोझे तीन ते पाच दिवस, रेडही साधारण तेवढीच. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला ठेवायची हा सल्ला थंड देशातल्या १६-१८ अंशांच्या खोलीचा आहे. मे महिन्यात सिडकोतल्या वरच्या मजल्यावरची खोली ३५ अंशांवर असते, तिथे उघडी रेड दुसऱ्या दिवशीच ढासळते. तीही फ्रीजमध्येच ठेवावी आणि पिण्याआधी २०-३० मिनिटे बाहेर काढावी. स्पार्कलिंग म्हणजे फेसाळत्या वाइनला पकडीचे खास झाकण लावले तर एक-दोन दिवस दम राहतो. गळ्यात चमचा अडकवल्याने फेस टिकतो ही निव्वळ भाकडकथा. निम्मी बाटली उरणार हे आधीच माहीत असेल तर सगळ्यांत स्वस्त उपाय असा: ३७५ मिलीची स्वच्छ, कोरडी, झाकणाची बाटली ठेवावी. मोठी बाटली उघडताक्षणी ती काठोकाठ भरावी, झाकण लावून फ्रीजमध्ये टाकावी. आत हवाच नसल्याने आठवडाभर काही होत नाही. जेवण झाल्यावर उरलेली वाइन ओतून हे केले तर उपयोग नाही, हवा तोवर मिसळलेली असते.

न उघडलेल्या बाटल्यांना १२ ते १५ अंश उत्तम, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तापमान न हलणे. घरात सगळ्यांत वाईट जागा माळा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. फ्रीजचा माथा आणि गॅसच्या वरचे कपाटही तसलेच. खालच्या मजल्यावरचे, बाहेरच्या भिंतीला न लागलेले, जमिनीलगतचे कपाट बरे. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवाव्यात म्हणजे बूच ओले राहते, स्क्रू कॅपला ते बंधन नाही. मार्च ते जूनमध्ये सरळ फ्रीजमध्ये ठेवाव्यात. काही महिन्यांपुरती फ्रीजची कोरडी हवा बुचाला बाधत नाही, ३८ अंश मात्र नक्की बाधतात. तापमान दर दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. वाइनचे वयही त्याच हिशेबाने धावते.

परत करायची असेल तर बाटली रिकामी करून नेऊ नका. एक ग्लास पाहून बाकीची तशीच, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवावी, बिल आणि मागच्या लेबलवरच्या लॉट नंबरचा फोटो काढावा, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जावे. शक्य असेल तर त्याच लॉटची दुसरी बाटली दुकानदारासमोर उघडावी. दुसरी चांगली निघाली आणि पहिलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास असेल तर दोष बुचाचा, कंपनीने बदलून द्यावी. दोन्हींत अंड्याचा वास किंवा फसफस असेल तर लॉटच सदोष. दोन्ही शिजलेल्या निघाल्या तर दुकान किंवा गोदाम. फक्त आपलीच शिजलेली असेल तर आपली डिकी आठवावी आणि गप्प बसावे. हॉटेलात आधी थोडी चाखायला ओततात ते हेच तपासण्यासाठी. ‘मला आवडली नाही’ हे बाटली परत करण्याचे कारण होत नाही, पण दोष दाखवून परत करणे हा हक्क आहे. दुकानदार ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक वाइनच्या बाटलीलाही लागू आहे.

शेवटी दोन मागण्या. किराणा दुकानांत वाइन विकावी की नाही यावर जानेवारी २०२२ मध्ये राज्यभर रान उठले. ती विकताना किती अंशांवर ठेवावी, यावर फारसे कोणी बोलले नाही. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळवून आपण मिरवतो, आणि तीच वाइन बंद शटरमागे ४० अंशांत ठेवतो. दुकानदारांनी निदान मार्च ते जून वाइनचा साठा एसी खोलीत किंवा खालच्या शेल्फवर न्यावा, ऊन येणाऱ्या काचेत फक्त रिकाम्या बाटल्या मांडाव्यात आणि आधी आलेला माल आधी काढावा. वाइनऱ्यांनी बाटली भरल्याचा महिना आणि साल मागच्या लेबलवर, भिंग न लावता वाचता येईल एवढ्या अक्षरांत, लॉट नंबरच्या शेजारी छापावे. सध्या तो शोधायला मोबाइलचा टॉर्च लागतो.

आपले,
सेलर आणि लॅबमध्ये काम करणारे काही जण,
नाशिक
(नावे संपादकांकडे दिली आहेत.)